युव्हेंटस: युरोपातला मोठा फुटबॉल क्लब की नुसता गल्लीतला दादा?

कट्टेकरी:
३६ स्कुडेटो (इटालियन लीगची विजेतेपदं), त्यात २०१२ ते २०२० सलग ९ वेळा लीग, इटलीत यांच्या जवळपास कोणी नाही हे मान्यच. पण युरोपियन कप (म्हणजे आताची चॅम्पियन्स लीग) किती? दोन, १९८५ आणि १९९६. फायनल ९ खेळले, ७ हरले राव! त्याच देशात मिलानकडे ७ कप आहेत, इंटरकडे ३. मग रियाल, बायर्नच्या पंक्तीत युव्हेला कशाला बसवायचं? पटत नसेल तर बोला.

पांढराकाळा:
फायनल हरायला आधी फायनलला पोचावं लागतं भाऊ. आणि तो एकच कप धरून का बसलायस? ७७ ला युएफा कप, ८४ ला कप विनर्स कप, ८५ ला युरोपियन कप, तिन्ही जिंकणारा पहिला क्लब तुझा हा गल्लीतला दादाच. ८२ चा वर्ल्ड कप फायनल बघ, झोफ, जेंतिले, काब्रिनी, शिरेआ, तार्देल्ली, रॉसी, इटलीच्या ११ मधले ६ युव्हेचे आणि ३ पैकी २ गोल पण त्यांचेच.

सान_सिरो:
वर्ल्ड कप देशाचा रे, क्लबच्या कपाटात कशाला ठेवतोस. २००३ ची मिलान-युव्हे फायनल आठवते का? मँचेस्टरला १२० मिनिटं ०-० आणि मग आमच्या गोलकीपर दिदाने ३ पेनल्टी अडवल्या 😄

पांढराकाळा:
आठवते ना, चांगलीच आठवते. सेमीफायनलला रियालला ३-१ ने घरी पाठवलं, आमच्या नेदवेदने स्वतः गोल मारला आणि मग शेवटी मॅकमॅनमनला उगाच पाडून पिवळं कार्ड घेतलं, फायनलला बाहेर. त्या वर्षीचा बॅलन डी'ओर (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) त्यालाच मिळाला बरं का. तो मैदानात असता तर दिदापर्यंत गोष्ट गेलीच नसती.

कट्टेकरी:
असता तर, नसता तर... बरं २०१७ चं काय? कार्डिफच्या फायनलच्या आधी १२ मॅचमध्ये फक्त ३ गोल खाल्ले होते तुमच्या डिफेन्सने, आणि रियालने एका रात्रीत ४ घातले. मानझुकिचची ती ओव्हरहेड किक सोडली तर काय होतं दाखवायला? मोठी रात्र आली की यांचे पाय लटपटतात, आणि हे १९७३ पासून चालू आहे.

जुना_प्रेक्षक:
तुमचं चालू द्या, फक्त ८५ चा कप मोजताना थोडं जपून. ब्रुसेल्सला हायसेल स्टेडियमची भिंत पडली, चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली, बहुतेक युव्हेचीच, आणि तरी मॅच खेळवली. युव्हेच्या बोनिएकला पाडलं ते बॉक्सच्या बाहेर, पेनल्टी दिली, प्लातिनीने मारली, १-०. मी युव्हेचाच माणूस पण तो कप मिरवायला मला आजही नको वाटतं.

नापोलीवाला:
माझा मुद्दा वेगळा आहे. घरची ९ टायटल पण कशी आली ते बघा ना, २०१६ ला आमचा हिग्वाइन ९० मिलियन युरो मोजून उचलला, त्याच उन्हाळ्यात रोमाचा प्यानिच. समोरच्याचा घोडाच विकत घ्यायचा आणि मग शर्यत जिंकली म्हणून नाचायचं. २००६ च्या काल्चोपोलीचं (रेफरी नेमण्यातल्या घोटाळ्याचं) तर कोणी नावच काढत नाहीये इथे.

पांढराकाळा:
काढ की नाव. दोन टायटल काढून घेतली, सेरी बी (दुसऱ्या श्रेणीची लीग) मध्ये टाकलं, वर ९ पॉइंट कापले. झ्लाटान, कान्नावारो गेले पण देल पिएरो, बुफोन, नेदवेद, त्रेझेगे थांबले आणि पहिल्याच सीझनला पहिल्या नंबरने वर आले. बुफोन तर नुकताच वर्ल्ड कप जिंकून आलेला! शिक्षा भोगून परत राज्य केलंय, याला मोठा क्लब म्हणत नाहीत तर कशाला म्हणतात?

सान_सिरो:
आणि तरी स्टेडियमवर ३८ लिहितात 😂 ती दोन रद्द झालीत साहेब, त्यातलं एक तर इंटरला देऊन टाकलं.

कट्टेकरी:
पुन्हा घरचंच सांगतोयस. युरोपसाठी म्हणून १०० मिलियनला रोनाल्डो आणला, तर तीन वर्षांत आयाक्स, लिऑं, पोर्तो यांनी बाहेर काढलं.

पांढराकाळा:
आयाक्सने त्याच वर्षी बर्नाबेऊत जाऊन रियालला ४ घातले होते, ते सोयीस्कर विसरलास. लिऑंचं सोड. पोर्तोबद्दल मात्र तोंड नाही माझ्याकडे, ते अर्ध्याहून जास्त वेळ १० जण खेळत होते आणि एक्स्ट्रा टाइममध्ये फ्री किकला भिंतीत उभा राहून रोनाल्डोनेच पाठ फिरवली, बॉल त्याच्या पायांमधून गोलात.