यादी लिफ्टपाशी लावायच्या आधी

सचिव (ए-१०४): दहावी-बारावीची पोरं बरीच आहेत आपल्या बिल्डिंगमध्ये. मुलांसाठी मानसोपचारवाले, समुपदेशक यांची यादी लिफ्टपाशी लावू म्हणतोय. नेटवरून ४० नावं उतरवलीत. लावू का?

बी-३०२: काका, थांबा की जरा. असल्या साइटवर वरची नावं बऱ्याचदा पैसे भरून आलेली असतात. शिवाय ‘सोलापूर’ निवडलं तरी पुण्या-मुंबईचे ऑनलाइनवाले घुसतात. प्रत्येक नाव उघडून पत्ता बघा. नुसतं ‘व्हिडिओ कन्सल्टेशन’ असेल तर वेगळं काढा.

सी-२०१: पदवीपण बघा. औषध लिहून देतो तो सायकियाट्रिस्ट. एमडी, डीएनबी किंवा डीपीएम, आणि मेडिकल काउन्सिलचा नोंदणी क्रमांक. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (औषध न देता बोलून उपचार करणारा) असेल तर आरसीआयचा, म्हणजे रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाचा, सीआरआर नंबर (नोंदणी क्रमांक) लागतो. तो आरसीआयच्या वेबसाइटवर तपासता येतो, मुदत संपलीय का तेही बघा. नाव सापडलं नाही म्हणून लगेच खोडू नका, लग्नाआधीच्या आडनावानं नोंद असते कधी कधी. नुसतं ‘काउन्सेलर’ लिहिलंय तिथं शिक्षण काय ते सरळ विचारायचं.

सचिव (ए-१०४): एवढं सगळं? 😅

बी-३०२: अजून फोन राहिलाय, काका. खरी गाळणी तिथंच. किती वर्षांपासूनची मुलं घेता? (‘चाइल्ड’वर टिक असते, पण फोनवर कळतं की १८ च्या खालचं घेत नाहीत.) रोज असता की महिन्यातून दोनदा बाहेरून येता? फी किती मिनिटांची? मुलाशी एकट्यानं बोलता का? आणि भाषा. आपल्याकडं घरात तेलुगू-कन्नड बोलणारी पोरं आहेत, ती मराठीत मोकळी होतीलच असं नाही.

डी-४०३: साइटवरच्या ‘कॉल बॅक’ फॉर्मात पोराचं नाव-नंबर भरू नका कुणी. मग क्लासवाल्यांसारखे फोन सुरू होतात, तेही पोराच्या मोबाइलवर.

सी-२०१: सिव्हिलच्या मानसोपचार विभागाचं नाव घाला वरच. सरकारी दवाखाना जाहिरात करत नाही, म्हणून अशा यादीत मागं पडतो. त्याच्या वर १४४१६, टेलि-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. ऑक्टोबर २०२२ पासून आहे, २४ तास, फुकट. भाषा निवडायची, मराठी आहे. आधी समुपदेशक बोलतो, गरज असेल तर पुढं डॉक्टरकडं जोडून देतात.

डी-४०३: आणि जिवाचं काही बरंवाईट करायची भाषा असेल तर यादी चाळत बसायचं नाही. पोराला एकटं सोडायचं नाही. ११२ लावा, नाहीतर सरळ सिव्हिलच्या अपघात विभागात न्या.

सचिव (ए-१०४): बरं. तपासून उरतील तेवढीच लावतो. खाली तपासल्याची तारीख टाकतो.

बी-३०२: तारीख हवीच, दर ३ महिन्यांनी परत फोन करायचे. पण लिफ्टपाशी नको, काका. चार लोकांसमोर कुठलं पोरगं नंबर उतरवून घेईल? इथं सोसायटीच्या ग्रुपवरच पिन करा, आणि पोरांच्या क्रिकेटच्या ग्रुपवरपण टाका.