मदत हवी आहे: लेकीचे रिलॅक्सरवाले (केमिकलने सरळ केलेले) केस आत्ता कापावे की पुढच्या जूनपर्यंत थांबावं?

मैत्रिणींनो, विषय जरा वेगळा आहे, इथे कुणाला अनुभव असेल की नाही माहीत नाही पण तरी विचारते. मी न्यू जर्सीत, नवरा आफ्रिकन अमेरिकन, लेक १६ वर्षांची. केस सगळे बाबांकडचे, एकदम घट्ट बारीक कुरळे, ज्याला इथे फोर सी म्हणतात तसे. लहानपणी मला ते विंचरताच यायचे नाहीत, मी आपली कोरड्या केसांत कंगवा घालायचे, ती रडायची आणि तिच्यामागे मी. शेवटी ती ९ वर्षांची असताना नणंद तिला पार्लरमध्ये घेऊन गेली आणि रिलॅक्सर लावून आणलं. तिचा हेतू वाईट नव्हता, तिचे स्वतःचे आणि सासूबाईंचे केसही तसेच. तेव्हापासून दर सात-आठ आठवड्यांनी मुळाशी नव्याने वाढलेल्या केसांना टचअप, म्हणजे वर्षाला सहा-सात वेळा.

गेल्या डिसेंबरपासून लेकीनेच बंद केलं. शाळेत त्यांनी एनआयएचचा (इथली सरकारी आरोग्य-संशोधन संस्था) २०२२ चा अभ्यास वाचला, ३३ हजारांवर बायकांचा, जवळजवळ ११ वर्षं चाललेला. केस सरळ करायची केमिकल्स वर्षात ४ पेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण ४.०५ टक्के निघालं, कधीच न वापरणाऱ्यांमध्ये १.६४. मी म्हटलं अगं दोन्हींचा संबंध दिसला म्हणजे त्यामुळेच होतो असं सिद्ध होत नाही, तर म्हणाली, आई, मी नवव्या वर्षापासून लावतेय. यावर मी काय बोलणार.

आता सहा महिने झालेत. मुळाशी ताणून धरले तर तीनेक इंच तिचे स्वतःचे केस आलेत आणि खाली पाठीपर्यंत ते जुने सरळ. दोन्ही जिथे मिळतात तिथे केस तुटतायत, मानेवर तर झुबकेच्या झुबके गेलेत. एकदम कापले तर डोक्यावर अगदी छोटा अफ्रो राहील. नाही कापले तर दोन तऱ्हेचे केस सांभाळायचे, धुवायच्या दिवशी आम्हाला चार तास लागतात, मी तक्रार करत नाहीये पण हे वर्षभर असंच चालणार का?

त्यात डिसेंबरला पुण्यात भाचीचं लग्न आहे. आणि पुढच्या जूनमध्ये तिचा प्रॉम, म्हणजे शाळेचा नटूनथटून जायचा डान्स. नणंद म्हणते प्रॉमपर्यंत थांब, तोवर आठ-नऊ इंच होतील मग काप. माझी आई फोनवर म्हणते पोरीचे केस कापू नकोस, खोबरेल तेल चोळ. लेक सोमवारी म्हणते आजच काप आणि गुरुवारी म्हणते नको. शाळेची काळजी नाही, आमच्या राज्यात २०१९ पासून क्राउन ॲक्ट आहे, केसांवरून शाळा काही म्हणू शकत नाही. मला फक्त कळत नाहीये की योग्य वेळ ओळखायची कशी. प्लीज सांगा.

प्रतिसाद १
ताई, मी मुंबईची. परत थोडं स्मूदनिंग करून घ्या ना, सगळे केस एकसारखे होतील आणि कापायलाही नको. माझे मस्त झालेत.

धागाकर्ती
थँक्स गं, पण ते आम्हाला चालणार नाही. रिलॅक्सर म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडसारखा कडक क्षार असतो, केसाच्या आतले बंधच कायमचे मोडतो. आपल्याकडचं रिबाँडिंग-स्मूदनिंग बहुतेक वेगळ्या केमिकलचं, एकावर दुसरं लावलं की केस तुटून हातात येतात. आणि मुळात तिला सरळ नकोच आहेत.

प्रतिसाद २
मी अटलांटात, माझ्या मुलीचं दोन वर्षांपूर्वी झालं म्हणून लिहिते. तारीख राहू दे बाजूला, आधी गुंतवळ बघ. लांब केस आणि टोकाला पांढरा ठिपका असेल तर तो नेहमीसारखा गळलेला केस. आखूड तुकडे असतील तर ते त्या जोडावर तुटतायत, आणि तसे रोज मूठभर निघत असतील तर प्रॉमपर्यंत काही उरणारच नाही, तू लांबी वाचवते आहेस असं फक्त वाटेल. थांबायचंच असेल तर दर सहा-आठ आठवड्यांनी इंचभर खालून कापत जा, विंचरायचं ते फक्त ओल्या केसांत भरपूर कंडिशनर लावून, आधी बोटांनी, टोकाकडून मुळाकडे. रात्री सॅटिनची टोपी. बॉक्स ब्रेड्सची (खोटे केस गुंफून घातलेल्या बारीक वेण्या) घाई नको, खोट्या केसांचं वजन नेमकं त्या कमजोर जागेवर येतं, आणि घातल्याच तर कपाळाशी ओढून बांधू देऊ नकोस, दोन महिन्यांच्या आत सोडायच्या. आणि आईंना सांग तेल चांगलंच आहे पण आधी पाणी, मग लीव्ह-इन (न धुता केसांत ठेवायचं कंडिशनर), तेल सगळ्यात शेवटी. नुसत्या तेलाने हे केस कोरडेच राहतात.

प्रतिसाद ३
माझे बाबा नायजेरियन, आई सांगलीची, मी पुण्यातच वाढले. १९ व्या वर्षी मी सगळे कापले. दोन गोष्टी सांगते. एक म्हणजे श्रिंकेज. ताणून तीन इंच म्हणजे वाळल्यावर इंचभरच दिसणार, हे तिला आधी माहीत असू दे, मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी आठ दिवस खोलीबाहेर आले नाही. दुसरं, लग्न. मांडवात प्रत्येक काकू-मावशी केसांना हात लावून बघते आणि "अगंबाई, खरे आहेत का" विचारते, कौतुकानेच, पण दहाव्या वेळी रडू येतं. तुमच्या माहेरी फोन करून आधीच सांगून ठेवा की हात लावायचा नाही. हे तुम्ही सांगायचं, तिने नाही. आणि लग्नाच्या आठवडाभर आधी तर मुळीच कापू नका, स्वतःच्या चेहऱ्याची नव्याने सवय व्हायला तिला काही महिने लागतील. आत्ता सुट्टी आहे ना?

धागाकर्ती
तुम्हा दोघींना मनापासून धन्यवाद. काल रात्री लेकीला सगळं वाचून दाखवलं, तिसरा प्रतिसाद तिने दोनदा वाचायला लावला. मग बेसिनवरचा गुंतवळ पांढऱ्या टॉवेलवर पसरून बघितला, जवळजवळ सगळे आखूड तुकडेच होते. तिनेच कात्री आणली आणि मागची, आतली एकच बट जोडावर कापायला सांगितली. पाणी लावल्याबरोबर स्प्रिंगसारखी गोल झाली. झोपेपर्यंत ती बट ओढून सोडत होती. आज सकाळी म्हणाली जुलै. मी प्रॉमचं नाव काढलं नाही. भावाला फोन केलाय, लग्नघरी तो सगळ्यांना सांगणार आहे, आईशी मी रविवारी बोलेन.

आता फक्त कापायला कोणाकडे जायचं ते हवंय. नूअर्क, ईस्ट ऑरेंजच्या बाजूला नॅचरल केस नीट कापणारं कुणी माहीत आहे का? मला निरोप केलात तरी चालेल.