बेळगाव ते सावंतवाडी आणि बेळगाव ते शिरसी: वाटेत कुठल्या शेवया खाव्यात?

निपाणी_नाका: एका खेपेला बेळगावहून आंबोली घाटातून सावंतवाडी आणि दुसऱ्या खेपेला खानापूर, दांडेली, यल्लापूर, शिरसी असा बेत आहे. गाड्यावरचे हक्का नूडल्स सगळीकडे मिळतात. त्या त्या भागातल्या शेवया खायच्या आहेत. कुठं काय मागायचं? ताजं कसं ओळखायचं? आणि घरी शिरवाळे (तांदळाच्या उकडीच्या, सोऱ्यातून दाबलेल्या ताज्या शेवया) केले की तुटतात, ते कशानं?

जांबोटी_क्रॉस: बेळगावात सकाळी नाश्त्याच्या टपरीवर शेवयाचं उप्पीट विचारा, कन्नड बोलणारे त्याला शाविगे बात म्हणतात. नऊच्या आत खा. नंतर ते पातेल्यात वाफेनं चिकटून गोळा होतं. शेवई सुटी दिसली पाहिजे. चमचा फिरवल्यावर लगदा येत असेल तर पाणी जास्त पडलंय किंवा शेवया भाजल्याच नाहीत. एक वाटी भाजक्या शेवयांना दीड ते पावणेदोन वाट्या उकळतं पाणी पुरे होतं.

घाट उतरलात की शिरवाळे. हे रोज गाड्यावर मिळत नाहीत. घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवा, कारण ते दाबल्या दाबल्या खायचे असतात. सोबत नारळाचं दूध, गूळ, वेलची यांचा रस. शिरसीकडे 'ओत्तु शाविगे' मागा. तिथं तांदूळ भिजवून वाटतात, वाटण शिजवून गोळे वाफवतात आणि मग दाबतात. गोड हवं तर गुळाचं नारळदूध, तिखट हवं तर लिंबू-मोहरीची फोडणी.

तांदूळगाडी: शिरवाळे तुटतात ते बहुतेक वेळा पीठ गार झाल्यामुळं. एक वाटी तांदळाच्या पिठाला सव्वा वाटी पाणी, मीठ, चमचाभर तेल. पाणी खळखळल्यावर पीठ घालून ढवळा, गॅस बंद करून झाकण ठेवा. पाच मिनिटांनी हाताला सोसेल इतकं गरम असतानाच मळा. मग लांबट मुटके करून उकळत्या पाण्यात सोडा. वर तरंगल्यावरही लगेच काढू नका, पाच-सात मिनिटं आणखी शिजू द्या. एक मोडून बघा: मध्ये पांढरा कोरडा ठिपका दिसला तर कच्चा आहे, आणि तिथंच तार तुटते. एकेक मुटका पाण्यातून काढून थेट सोऱ्यात. बाकीचे गरम पाण्यातच राहू देत.

तांदूळ जुना घ्या. नव्या तांदळाचं पीठ चिकट होतं, तारा एकमेकींना धरतात.

निपाणी_नाका: चकती बारीक शेवेची लावू का?

तांदूळगाडी: मध्यम शेवेची. बारीक चकतीला फार जोर लागतो, तोवर मुटका गार होतो. दोन माणसं असली तर बरं: एकानं दाबायचं, दुसऱ्यानं तेलाचा हात लावलेल्या ताटलीत गोल फिरवून धरायचं.

रविवारपेठ: आपल्या भागातल्या खपली गव्हाच्या हातशेवया सोडू नका हो! उन्हाळ्यात ताज्या मिळतात. या कच्च्या पिठाच्या वाळवलेल्या असतात, म्हणून मोजक्या पाण्यात शिजवल्या की गोळा होतो. भरपूर उकळत्या पाण्यात टाका, दोन-तीन मिनिटांत चाळणीत उपसा, लगेच वर तूप सोडा. पिठीसाखर आणि गरम दूध घेऊन खा. विकत घेताना एक काडी मोडून बघा, कट्‌ असा आवाज आला पाहिजे. वाकली तर ओल राहिली आहे आणि बुरशी येणार. डब्यात भरण्याआधी घरी पुन्हा एक ऊन द्या.

जांबोटी_क्रॉस: वाटेत गाड्यावरचे नूडल्स खायची वेळ आलीच तर रंग बघा. कर्नाटकात मार्च 2024 पासून गोबी मंचुरीत कृत्रिम रंग घालायला बंदी आहे. त्याच कढईतले नूडल्स भडक लाल दिसले आणि बोटाला रंग लागला तर पुढच्या गाड्यावर जा. उकडलेले नूडल्स तेल लावून पसरून ठेवलेत की पिशवीत दाबून भरलेत, तेही बघा. पिशवीतले आंबूस लागतात, आणि व्हिनेगर ओतल्यावर तो वास कळत नाही. म्हणून परतायच्या आधीच नजर टाका.

निपाणी_नाका: सावंतवाडीच्या खानावळीला आदल्या दिवशी फोन करतो. खपलीच्या शेवया किलोभर घेतल्या तर किती दिवस टिकतील?

रविवारपेठ: कडक वाळलेल्या असतील तर घट्ट झाकणाच्या डब्यात वर्षभर. पावसाळ्यात डबा उघडताना हात कोरडा ठेवा.