माळ्यावरची कॅसेट आणि सध्या काय पाहताय, काय खेळताय?

सिडकोची_सई
परवा माळा आवरताना पिवळी गेम कॅसेट सापडली. मागे दादाचं बॉलपेनचं अक्षर: 'काँट्रा. हात लावू नये.' तिथेच शिडीवर बसून राहिले.

नाशिकच्या सिडकोतलं दोन खोल्यांचं घर. दुपारी आई झोपली की टीव्हीचा आवाज बंद करून खेळायचो. धबधब्याच्या लेव्हलला दादा भराभर वर चढायचा, पडदा त्याच्यासोबत वर सरकायचा आणि खाली राहिलेली मी मरायचे. दर वेळी रडायचे. मग एक दिवस तो मधल्या दगडावर थांबला आणि म्हणाला, "ये सावकाश, थांबलोय मी."

दादा आता मस्कतला असतो, त्याचा मुलगा सुट्टीत इथे आलाय. त्याच्याबरोबर 'इट टेक्स टू' खेळतेय. 2021 चा गेम आहे, एकट्याला खेळताच येत नाही. घटस्फोटाला निघालेल्या नवरा-बायकोच्या बाहुल्या होतात. एकाकडे खिळे, दुसऱ्याकडे हातोडा. याने खिळा मारायचा, तिने त्याला लटकून पलीकडे जायचं. भाचा म्हणतो, "आत्या, थांब, खिळा मारल्यावरच उडी मार." अगदी बापासारखा.

तुम्हीही लिहा. विनोदी सिनेमा असो की गेम, पण नुसतं 'भारी आहे' नको, सोबत कोण होतं तेही सांगा. आणि हो, कॅसेटचं मशीन सापडलंय, पण नव्या टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनची जागाच नाही. काय करू?

पिंपळगावचा_बागाईतदार
स्टारड्यू व्हॅली, शेतीचा गेम. मुलीने फोनवर टाकून दिला. 2016 चा, एकाच माणसाने चारेक वर्षं खपून सगळा केलाय, चित्रं, संगीत, सगळं. रात्री मोटार चालू करायला उठतो, लाइटची वाट बघत खेळतो.
त्यातही द्राक्ष आहे. लावल्यापासून दहा दिवसांत माल, नंतर दर तीन दिवसांनी तोडा. ऋतू 28 दिवसांचा. पाऊस पडला की झारी बाजूला ठेवायची, शेत आपोआप भिजतं. इथे छाटणीनंतर पाऊस लागला की पोटात गोळा येतो, डाऊनी रोग येतो, फवारणीवर फवारणी. त्या गेममधल्या पावसाचा आवाज ऐकून मला खरंच बरं वाटतं. पावसाचा आवाज आवडायचा मी विसरलोच होतो.
एक तक्रार. वेलीच्या ओळीतून माणूस चालूच शकत नाही! मांडवाखालून नाही चालायचं तर बाग कशी बघायची?

नाशिकरोड_निशा
सई, सिडकोत कुठे? आम्ही उत्तमनगर.

सिडकोची_सई
अगं आम्ही पवननगर! भाजी बाजाराच्या मागे.

सातपूरकर
बाबांचं डायलिसिस चालू आहे. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. 'अशी ही बनवाबनवी' लावतो, एक इअरफोन त्यांच्या कानात, एक माझ्या. कितव्यांदा ते मोजत नाही. अशोक सराफ तोंड उघडायच्या आत बाबांचे ओठ हलतात. हात हलवायचा नसतो, म्हणून हसताना पाय हलतात, पांघरूण खाली पडतं. परवा सिस्टरनी दोनदा उचलून घातलं, तिसऱ्यांदा त्याच बघत उभ्या राहिल्या.
1988 चा सिनेमा. मला नेहमी वाटायचं, बायकांचे कपडे घातलेत म्हणून लोक हसतात. बाबांनी वेगळंच सांगितलं. ते सातपूरला कंपनीत लागले तेव्हा त्यांनाही कोणी खोली देईना, लग्न झालेल्यालाच देणार म्हणे. तीन महिने मित्राच्या व्हरांड्यात झोपले. "आमचीच गोष्ट आहे ती," म्हणाले. आता मला तो सिनेमा वेगळाच दिसतो. डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून चाललेली धडपड आहे ती.

नाशिकरोड_निशा
काका लवकर बरे होवोत. पुढच्या वेळी 'धुमधडाका' लावा, अशोक सराफ त्यातही आहेत.

पंचवटीतली_आजी
नातीने लिहून दिलंय, शब्द माझे आहेत. बदकाचा खेळ खेळतो आम्ही दोघी. बदक होऊन गावातल्या माणसांना छळायचं, माळ्याच्या किल्ल्या पळवायच्या. एक बटण फक्त ओरडायचं आहे. ते माझ्याकडे. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, लहानपणी आम्ही असेच उद्योग करायचो, धुणं वाळत घातलेलं पळवायचो. खेळात कोणी मरत नाही, रक्त नाही, म्हणून मला आवडतो.

कॉलेजरोड_कौस्तुभ
आजी, नमस्कार. तो 'अनटायटल्ड गूज गेम'. 2019 ला आला तेव्हा एकट्याचाच होता, दोन बदकं पुढच्या वर्षी आली. दोघांत खेळला तरच खरी मजा.
सई, कॅसेटमध्ये फुंकर मारू नका! फुंकरीने ती कधीच चालत नव्हती. काढून पुन्हा घातली की आतल्या धातूच्या पट्ट्या नीट टेकायच्या, म्हणून चालायची. तोंडाच्या वाफेने उलट पट्ट्या गंजतात. कापसाला स्पिरिट लावून पुसा.

गंगापूररोड_गौरी
'वाळवी' विनोदी आहे की नाही यावरून घरात भांडण. 2023 चा, परेश मोकाशींचा. खुनाचा बेत आणि तो क्षणोक्षणी फसतो. सासूबाई म्हणतात, प्रेतासमोर कसलं हसायचं. मी तर उशीत तोंड खुपसून हसत होते. यात कोणी विनोद करतच नाही, सगळे जीव मुठीत घेऊन वागतात, म्हणून हसू येतं.
याच मोकाशींनी 2009 ला 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' केला. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांवरचा! तो मात्र सासूबाईंनी दोनदा पाहिला. लहानपणी त्यांच्या काकांनी सर्कल टॉकीजला नेलं होतं, त्या गोष्टी निघाल्या आणि रात्रीचा एक वाजला. भांडण तिथेच मिटलं.

पिंपळगावचा_बागाईतदार
सातपूरकर, बाबांना द्राक्ष चालतात का? डॉक्टरांना विचारून सांगा, पाठवतो.

सातपूरकर
दादा, मोजून चार-पाच मणी चालतात म्हणालेत. तेवढ्याने खूश होतील. मनापासून आभार.

इंदिरानगरचा_इलेक्ट्रिशियन
सई ताई, माझ्याकडे जुना डबा टीव्ही आहे, 21 इंची, तिन्ही पिनवाला, चालू. गिऱ्हाईकाने टाकून दिलेला, मी जपून ठेवलाय. पैसे नकोत. पण जड आहे, उचलायला दोघं लागतील.

सिडकोची_सई
रविवारी येते. भाच्याला घेऊन.