साखर आहे, तरी बाबांना वारीत अनवाणी चालायचंय

फलटणची_लेक
बाबा ६४ वर्षांचे, साखर (मधुमेह) बारा-तेरा वर्षांची. यंदा आळंदी ते पंढरपूर पायी जायचं ठरवलंय, तेही अनवाणी. नवस आहे म्हणतात. परवा टाचेत बाभळीचा काटा मोडला, तो कळला कधी? आईला फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले तेव्हा! वर म्हणतात, "दुखत नाही म्हणजे पाय दणकट आहेत." कसं समजावू?

ड्रेसिंगवाली
ताई, काटा मोडून कळत नाही म्हणजे पायाच्या नसा बधिर झाल्यात. मी दवाखान्यात ड्रेसिंग करते, आषाढी उरकली की असे पाय येतातच. आधी डॉक्टरांकडे न्या. काट्याचं टोक आत राहिलंय का, धनुर्वाताचं इंजेक्शन हवं का, ते विचारा. नायलॉनच्या दोऱ्याची तपासणीही करून घ्या. डोळे मिटायला लावून १० ग्रॅमचा दोरा वाकेपर्यंत तळव्याला टेकवतात, कळलं की 'हो' म्हणायचं. पावलावरची नाडीही बघायला सांगा.

अनवाणी अजिबात नाही. तापल्या डांबरावर तळवा भाजेल आणि त्यांना पत्ता लागणार नाही. मागे पट्टा असलेली एमसीआरची (मऊ रबरी तळाची, साखरवाल्यांसाठी मिळते ती) सँडल घ्या, आत्ताच, म्हणजे रुळेल. अंगठ्याची चप्पल बेचक्यात घासते, पायातून निसटली तरी कळत नाही. मोजे पांढरेच, रक्त-पू लागला की डाग दिसतो. मुक्कामाला पाय धुऊन बेचक्या कोरड्या करायच्या आणि मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात तळवा बघायचा. चष्मा लावून, हो!

वाटेत लोक मायेने गरम पाण्याने पाय शेकतात, तिथे हात जोडून नको म्हणायचं. फोडातून सुई-दोरा ओवू नका. कुरुपाच्या पट्ट्यांत ॲसिड असतं, त्याही नकोत.

दिंडीतला_विणेकरी
माऊली, आमच्या दिंडीत पायताण घालणारेच जास्त, पांडुरंग कुणावर रागावलेला नाही. पुणे-सासवड टप्पा लांब, त्यात दिवे घाट. तिथे साखरवाल्यांना आम्ही गाडीत बसवतो. पावसात मोजे भिजतात, तेव्हा जास्तीचे जोड खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. सामानाचा ट्रक मुक्कामालाच भेटतो. चालताना साखर एकदम उतरली तर, म्हणून खिशात ग्लुकोजची पुडी हवीच. आणि पंढरपुरात दर्शनबारीत तासन्‌तास अनवाणी उभं राहावं लागतं, त्यापेक्षा कळसाचं दर्शन घ्या. बरेच वारकरी तेच करतात.

फलटणची_लेक
तपासणी झाली. उजव्या तळव्याला बऱ्याच ठिकाणी दोरा कळलाच नाही, तेव्हा बाबांचा चेहरा उतरला. काट्याचं टोक आत होतं, काढलं. जखम भरेपर्यंत चालणं बंद. सँडलला तयार झालेत, पण आता हट्ट असा की वाखरीपासून, म्हणजे पंढरपूरच्या अलीकडच्या शेवटच्या मुक्कामापासून तरी चालू द्या.

ड्रेसिंगवाली
डॉक्टरांना दाखवून मगच. वरून खपली धरली म्हणजे जखम भरली असं नाही, खाली पू असू शकतो. आणि वाखरीला गर्दीत पायावर पाय पडतात, सँडल पुढून बंद घ्या.