आजोबांचं रंकाळ्याचं चित्र : विकू, साफ करून घेऊ की तसंच ठेवू?

शुक्रवारपेठकर_नात
नमस्कार मंडळी. आमचं कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतलं जुनं घर पाडायला काढलंय. सोप्यातल्या भिंतीवर आजोबांनी घेतलेलं रंकाळा तलावाचं एक चित्र आहे, जलरंगातलं, हातभर रुंद. २०१९ च्या महापुरात पाणी त्याच्या खाली वीतभर येऊन थांबलं. चित्र भिजलं नाही, पण भिंत कितीतरी महिने ओली होती. तेव्हापासून आकाशात तपकिरी ठिपके उमटलेत आणि खालचा एक कोपरा काचेला चिकटल्यासारखा दिसतो. सही आहे, पण अर्धी फ्रेमच्या पट्टीखाली गेलीय.

काका म्हणतात, "जुने चित्रकार आबालाल रहिमान, त्यांचं आहे, लाखांत जाईल." पुण्याचे एक गृहस्थ बघून गेले. ४० हजार देतो म्हणाले, पण शुक्रवारपर्यंत सांगा. शेजारचे म्हणतात आधी साफ करून नवी फ्रेम घाला, भाव वाढेल. मला चित्रातलं काही कळत नाही. काय करू?

गंगावेस_कट्टा
४० हजार रोख येत असतील तर घ्या आणि सुटा. नव्या फ्लॅटच्या भिंतीला खिळा मारायला पण सोसायटी परवानगी देत नाही.

पट्टीवाला
ताई, जरा थांबा. ओलं फडकं, कोलीन, बटाट्याची फोड, ब्रेडचा मऊ भाग, यातलं काहीही त्या चित्राला लावू नका. हे सगळे उपाय मी गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलेत. जलरंग पाण्यानं लावलेला असतो, तो पाण्यानंच उठतो. ठिपके जातील आणि त्यांच्यासोबत आकाशही जाईल. उन्हातही ठेवू नका.

मी तीस वर्षं फ्रेमा करतोय, म्हणून आधी एक विचारतो. चित्रात पलीकडच्या काठाला शालिनी पॅलेस आहे का? घड्याळाचा मनोरा दिसतो का बघा.

दुसरं, मागची बाजू उघडू नका आणि कुणाला उघडू देऊ नका. मी नवीन होतो तेव्हा एका गुरुजींचं असंच जुनं चित्र आलं. मागचा खाकी कागद कसरीनं खाल्लेला, खालचं प्लाय फुगलेलं. मी सगळं काढून फेकलं, नवं घातलं, वर पॉलिश मारून दिलं. गुरुजी खूश. सहा वर्षांनी त्यांचा मुलगा आला. त्या खाकी कागदावर कुठल्या प्रदर्शनात घेतलं, कितीला घेतलं ते पेन्सिलनं लिहिलेलं होतं म्हणे, तो कागद कुठाय? मी तो चहाच्या शेगडीत घातला होता. घेणारा माणूस दारात उभा होता आणि चित्र कुणाचं ते दाखवायला यांच्याकडं काही नव्हतं. मुलगा एक शब्द बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शुक्रवारपेठकर_नात
पट्टीवाले काका, आत्ताच उतरवलं. डावीकडं तलावातला जुना दगडी संध्यामठ अर्धा पाण्यात आहे. पलीकडं झाडीत मनोरा आहे, अगदी पुसट, पण घड्याळाचा गोल दिसतोय. मागच्या खाकी कागदावर निळ्या शाईत "गुरुजींकडून, रु. १५" एवढंच आहे, अक्षर आजोबांचं. कागद एका बाजूला फाटलाय, आत वर्तमानपत्र दिसतंय. हात लावला नाही, मोबाइलवर फोटो काढले.

पट्टीवाला
शाब्बास. आता तुमच्या काकांना सांगा, आबालाल गेले डिसेंबर १९३१ मध्ये. शालिनी पॅलेस बांधला १९३१ ते ३४ मध्ये. बांधून पुरा झालेला मनोरा त्यांनी कुठनं बघायचा? कोल्हापुरात रंकाळ्याचं जुनं चित्र निघालं की घरातलं कुणीतरी आबालालचं नाव घेतंच. टाउन हॉलच्या म्युझियममध्ये त्यांची चित्रं आहेत. एकदा सवडीनं जाऊन समोर उभ्या राहा, पाण्यावरचा उजेड त्यांनी कसा धरलाय ते बघा, मग घरी येऊन आपलं बघा.

पण आबालालचं नाही म्हणजे रद्दी झालं असं समजू नका. दत्तोबा दळवी, बाबूराव पेंटर, माधवराव बागल, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेली किती तरी माणसं या गावात निसर्गचित्रं करत होती. "गुरुजी" म्हणजे शाळेतला चित्रकलेचा मास्तरही असेल. आजोबा कुठल्या शाळेत होते, कुणाकडं जात-येत होते, ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा. वर्तमानपत्रावर तारीख सापडली तर फ्रेम कधीच्या आसपास घातली ते कळेल. चित्र त्याच्याही आधीचं असू शकतं.

राहिले ते पुण्याचे गृहस्थ. सही न वाचता भाव करणारा माणूस एक तर जुगार खेळतोय, नाहीतर त्यानं सही वाचलीय. दोन्हीत शुक्रवारची घाई त्याला आहे, तुम्हाला नाही.

हिशेबनीस_राजारामपुरी
विकायचं ठरलं तर एक ध्यानात ठेवा. घरातलं कपाट विकलं तर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, चित्राला लागतो. २००७ च्या वित्त कायद्यानं चित्रं, शिल्पं वैयक्तिक वस्तूंतून बाहेर काढली. आजोबांनी घेतलेलं म्हणजे खरेदी २००१ च्या आधीची, त्यामुळं १ एप्रिल २००१ ची बाजारातली किंमत धरता येते, पण त्यासाठी मूल्यांकनाचा कागद हवा. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर नफ्याच्या साडेबारा टक्के. आणि काका, आत्या यांची संमती लेखी घ्या. चित्र भिंतीवर असतं तेव्हा कुणी विचारत नाही, पैसे आले की सगळ्यांना आजोबा आठवतात.

शुक्रवारपेठकर_नात
आत्याला फोन केला. ती म्हणाली, विकायचं कुणी ठरवलं? पुण्याला नाही म्हणून कळवलंय. आता तो चिकटलेला कोपरा, काका?

पट्टीवाला
ओढायचा नाही. सुरी, ब्लेड, हेअर ड्रायर काही नाही. काचेला कागद धरलाय तो धरू दे. काचेसकट तसंच ठेवायचं आणि कागदाचं संवर्धन करणाऱ्या माणसाच्या हाती द्यायचं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथं विचारा. हे फ्रेमवाल्याचं काम नव्हे, माझं तर नाहीच. ते झालं की पुढचं मी करतो. काच आणि चित्र यांच्यामध्ये आम्ल नसलेलं जाड माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घालू, म्हणजे कागद परत काचेला टेकणार नाही. मागं प्लाय नको. फेविकॉल आणि सेलोटेप तर अजिबात नको. नव्या घरात बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, आपल्याकडच्या पावसात ती भिंत आतूनही घामेजते. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावले की वारा खेळतो.

तोवर चित्र आडवं ठेवा, काच वर. कुठं न्यायचं झालं तर रिक्षात मांडीवर घेऊन बसा. भावाला बुलेटवरनं आणू देऊ नका.