पॅनोरमिक सनरूफ : खानदेशच्या उन्हात कोणाचा काय अनुभव?

अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नवी गाडी दारात आणायची आहे. मॉडेल ठरलं, रंग ठरला (पांढराच, जळगावात दुसरा रंग घेऊन उन्हाशी कोण भांडणार), गाडं अडलंय छतापाशी. पॅनोरमिक सनरूफ, म्हणजे छतातली मोठी उघडणारी काच, असलेलं व्हेरिएंट घेतलं की लाखभर रुपये वर जातात. पोरगी म्हणते, त्याशिवाय गाडीत बसणार नाही. वडील म्हणतात, छताला भोक असलेली गाडी मी पाहिली नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी खरं खरं सांगा. यूट्यूबवाले बंगळुरूच्या हवेत बसून सांगतात, ते आपल्या कामाचं नाही.

भुसावळकर

तीन वर्षं वापरतोय. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, हे तुम्हाला सांगायला नको. गाडी स्टेशनबाहेर उघड्यावर उभी असते. आतला पडदा बंद ठेवला तरी आधी काच तापते, मग पडदा तापतो, आणि गाडीत बसलं की टाळूला तव्याचा शेक लागतो. पत्र्याखाली निदान अस्तर तरी जाड असतं. एसी काम करतो, पण मागच्या सीटवर गारवा पोचेस्तोवर आपलं गाव येतं. एक फायदा मात्र मानतो. गाडीत बसल्याबरोबर काच मागून थोडी उचलायची, खिडक्या खाली घ्यायच्या आणि दोन मिनिटं गाडी चालवायची. कोंडलेली वाफ वरून निघून जाते. मग सगळं बंद करून एसी लावायचा. मार्च ते जून माझ्या सनरूफचा एवढाच उपयोग.

धुळ्याहून

माझं दुखणं उन्हाचं नाही, निंबाचं आहे. सावली म्हणून वर्षभर गाडी घरासमोरच्या निंबाखाली लावली. फाल्गुनात पानगळ झाली, मग मोहोर, मग निंबोळ्या. वर काळ्या मातीची धूळ. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात देवपुरातून येताना बायकोच्या खांद्यावर टपकन थेंब पडला. ती म्हणाली, एसीचं पाणी असेल. दुसरा थेंब दिव्याच्या खाचेतून आला. घरी येऊन पाहतो तर पायाखालचं कार्पेट पिळून काढावं इतकं ओलं.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी रबर खराब झालं म्हणून मोठा आकडा सांगितला. माझं मन मानेना. ओळखीच्या मेकॅनिककडे नेली, तेव्हा खरी गोष्ट कळली. सनरूफचं रबर पाणी शंभर टक्के अडवत नाही, ते तसं बनवलेलंच नसतं. काचेच्या कडेला पन्हाळ असते. त्यात उतरलेलं पाणी कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून, खांबांच्या आतून, गाडीखाली सुटतं. माझ्या पुढच्या दोन्ही नळ्यांत निंबाची पानं आणि गाळ घट्ट बसला होता. त्याने गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी आत सरकवून हळूहळू मोकळं केलं. हवेचा जोरदार प्रेशर मारू नका म्हणाला, नळी आतल्या आत सांध्यातून सुटते आणि मग अख्खं अस्तर उतरवावं लागतं.

आता दरवर्षी पावसाआधी पन्हाळीत पेलाभर पाणी हळू ओततो आणि खाली वाकून बघतो. चाकाजवळ धार लागली की बरं वाटतं. शेजारी हसतात. रुळांवरचं जुनं ग्रीसही पुसून टाकतो, कारण त्यात धूळ मिसळली की नुसता चिखल होतो.

निंब तोडायचा विचार मनात आला होता, खोटं कशाला बोलू.

चोपड्याची सून

सगळे रडगाणंच गाताय म्हणून लिहिते. श्रावणात आम्ही शहाद्यावरून तोरणमाळला गेलो होतो. सातपुड्याच्या वळणांवर ढग गाडीवरून जात होते, आणि आमच्या सासूबाई, ज्यांना एसटीत बसलं की लिंबू हुंगावं लागतं, त्या मागे मान टाकून वर बघत बसल्या. एकदाही गाडी थांबवा म्हटलं नाही. मला त्या एका दिवसात पैसे फिटले. मुलांना मात्र वर उभं राहू देत नाही. अचानक ब्रेक लागला तर काचेच्या कडेवर पोट नाहीतर गळा आपटेल. लग्नात नवरदेवाला असं उभं करून मिरवतात, ते पाहून जीव वरखाली होतो.

रावेर, केळीवाला

भो, आमच्याकडे गारपीट झाली की आधी बाग बघायची का गाडी? गेल्या खेपेला लिंबाएवढ्या गारा पडल्या. बाग झोपली, काच तडकली. विम्यात काचेला घसारा कापत नाहीत, त्यामुळे काचेचे पैसे जवळपास सगळे मिळाले, फाइलमागे एक हजार की दोन हजार कापतात तेवढे गेले. पण क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, तेही धरा. काच लॅमिनेटेड आहे की टफन्ड, तेवढं आधी विचारा. लॅमिनेटेड तडकली तरी चिकटून राहते, टफन्डचे दाणे अंगावर येतात. केळीचं काय झालं ते विचारू नका.

नंदुरबार

उंची सहा फूट एक इंच. सनरूफवाल्या गाडीत डोकं छताला टेकलं. बिनसनरूफची घेतली. विषय संपला.

चाळीसगावकर

मी मोजलंय. तीन वर्षांत काच पूर्ण उघडली सात वेळा. त्यातली पाच कन्नड घाटात, पावसाळी धुक्यात. हायवेला उघडली तर वारा कानात भपभप करतो, मागची खिडकी दोन बोटं उघडली की कमी होतो. तरी मला पस्तावा नाही, कारण बंद काचेतूनही हिवाळ्यात गाडी उजळ वाटते. माझं म्हणणं वेगळंच आहे. त्या लाखात सनरूफसोबत आणखी काय येतं ते कागदावर मांडा. कधी चांगले हेडलाइट, मागचा कॅमेरा त्याच व्हेरिएंटला बांधलेले असतात, कधी नुसती काच असते. आणि ट्रायल संध्याकाळी घेऊ नका. दुपारी दोनला घ्या.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. चाळीसगावकरांचं ऐकलं. काल सेल्समनला म्हटलं, डेमो गाडी तासभर उन्हात उभी करा, मग बसतो. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा आभाळाकडे पाहिलं, पण केली. दोन वाजता आम्ही तिघं बसलो. पोरीने आधी पडदा उघडला, पाच मिनिटांनी स्वतःच बंद केला आणि गप्प बसली. वडील मागे होते. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "घरना पत्रा तपस तं आपन आंगनमा जाईसन झोपतस. गाडीना पत्रा चांगला शे ना, मंग काच कसाले जोयजे?"

बिनसनरूफचं बुक केलं. पोरीला तोरणमाळ कबूल केलंय, खिडकीतून बघू म्हणाली.